पेपर कोरा ठेवायचा नाही

माझे वडील, ज्यांना आम्ही घरात अण्णा म्हणतो, बार्शी तालुक्यातल्या एका जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवत असत, आणि परीक्षेला निघालेल्या प्रत्येक मुलाला, मग ते घरचे असो वा शेजारचे, निघताना ते एकच गोष्ट सांगत: पेपर कोरा ठेवायचा नाही. उत्तर येत नसले तरी सूत्र लिहावे, आकृती काढावी, दिलेली माहिती नीट मांडून ठेवावी, म्हणजे तपासणाऱ्याच्या हातून एखादा गुण सुटतोच. या शिकवणीच्या बळावर मी चौथीची आणि सातवीची शिष्यवृत्ती मिळवली, मराठी माध्यमातून दहावी केली, अभियांत्रिकीची पदवी घेतली आणि चाकणला वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत गुणवत्ता विभागात नोकरीलाही लागले. त्याच शिकवणीने नोव्हेंबर २०२३ मध्ये कॅटच्या परीक्षेत मला तोंडघशी पाडले.

आता मी मुंबईत एमबीएच्या पहिल्या वर्षाला आहे, आणि कंपनीतले जुने सहकारी किंवा गावाकडची मुले अधूनमधून फोन करून 'तयारी कशी केलीस' असे विचारतात. कोणती पुस्तके, किती तास, कोणता क्लास, असे त्यांचे प्रश्न असतात आणि त्यांची उत्तरे दोन मिनिटांत संपतात. ज्या गोष्टीला मला खरोखर दीड वर्ष लागले ती फोनवर सांगता येत नाही, म्हणून ती येथे लिहीत आहे.

ज्यांना ही परीक्षा ठाऊक नाही त्यांच्यासाठी तिची ठेवण थोडक्यात सांगते. कॅट ही आयआयएम आणि देशातल्या इतर अनेक व्यवस्थापन संस्थांच्या प्रवेशासाठी घेतली जाणारी संगणकावरची परीक्षा असून ती वर्षातून एकदाच, नोव्हेंबरच्या अखेरच्या रविवारी, सकाळ, दुपार आणि सायंकाळ अशा तीन सत्रांत होते. एकूण वेळ १२० मिनिटे, आणि तीन भागांना प्रत्येकी ४० मिनिटे: आधी इंग्रजी आकलन, मग आकडेवारीचे विश्लेषण व तर्क, ज्याला सगळे डीआयएलआर म्हणतात, आणि शेवटी गणित, म्हणजे क्वांट. हा क्रम बदलता येत नाही आणि एका भागात वाचवलेली मिनिटे दुसऱ्या भागात वापरता येत नाहीत. बरोबर उत्तराला तीन गुण मिळतात. पर्यायी प्रश्नाचे उत्तर चुकले तर एक गुण कापला जातो. आणि ज्या प्रश्नांना पर्याय नसतात, उत्तर स्वतः भरायचे असते, त्यांना कापाकापी नसते. या शेवटच्या प्रकाराला मुलांच्या बोलीत 'टीटा' म्हणतात.

२०२३ साली डीआयएलआरमध्ये वीस प्रश्न होते आणि ते चार सेटमध्ये विभागलेले होते. एक सेट म्हणजे एक लांबलचक माहिती, कधी तक्ता, कधी नुसत्या अटी, आणि तिच्यावर आधारलेले पाच प्रश्न. मी पहिला सेट उघडला, कारण तो पहिला होता. याहून दुसरे कारण माझ्याकडे नव्हते. दहा मिनिटांनी त्यातली निम्मी घरे भरली होती आणि आता सुटतोच आहे असे वाटत होते. अठरा मिनिटांनी एक अट उलटी वाचल्याचे लक्षात आले. आणि पुन्हा नव्याने मांडणी करून मी मान वर केली तेव्हा पडद्यावर चौदा मिनिटे उरलेली दिसत होती. उरलेल्या तीन सेटांपैकी एक अगदी सोपा होता असे बाहेर आल्यावर सगळे सांगत होते. मी तो वाचलासुद्धा नव्हता.

निकाल २१ डिसेंबरला लागला. एकूण ८१ पर्सेंटाइल, आणि डीआयएलआरमध्ये ५४. आईने '८१' एवढेच ऐकले आणि ती पेढे आणायला निघाली. अण्णा मात्र शिक्षक असल्यामुळे त्यांनी पर्सेंटाइल म्हणजे काय ते मला नीट विचारून घेतले. ही टक्केवारी नव्हे, शंभरांतले किती जण आपल्या मागे राहिले याचे माप आहे, हे कळल्यावर त्यांनी परीक्षेला किती मुले बसली होती ते विचारले. मी म्हणाले, दोन लाख अठ्ठ्याऐंशी हजारांच्या आसपास. त्यांनी वर्तमानपत्राच्या कडेला गुणाकार केला आणि कसलाही राग न दाखवता म्हणाले, "म्हणजे तुझ्या पुढे चोपन्न-पंचावन्न हजार मुले आहेत." पेढे आले, पण ते गणपतीसमोर ठेवून आम्ही गप्प बसलो.

मला आधी वाटले, अभ्यास कमी पडला. वस्तुतः तो फारसा कमी पडला नव्हता. जे चुकले ते नंतर घरी शांतपणे बसल्यावर मला बहुतेक सगळे सुटत होते. या परीक्षेत एकूण गुणांपैकी निम्मे गुण मिळवणारी व्यक्ती साधारणपणे ९९ पर्सेंटाइलच्या आसपास पोचते, याचा अर्थ प्रश्नपत्रिका संपवावी अशी परीक्षा घेणाऱ्यांची अपेक्षाच नसते. मी मात्र बोर्डाचा पेपर सोडवायला गेल्यासारखी गेले होते: पहिल्या प्रश्नापासून, क्रमाने, एकही न सोडता.

निगेटिव्ह मार्किंगचा हिशेब मी अण्णांना समजावून सांगितला तेव्हा त्यांना तो फार आवडला. चार पर्यायांपैकी डोळे मिटून एक निवडला तर सरासरीने चारांत एकदा तीन गुण येतात आणि तीनदा एकेक गुण जातो. म्हणजे 'अंदाजपंचे दाहोदरसे' उत्तराची किंमत बरोबर शून्य ठरवलेली आहे. एक पर्याय खात्रीने चुकीचा आहे हे कळले, तर उरलेल्या तिघांत एकदा तीन येतात, दोनदा एकेक जातो, आणि थोडा का होईना फायदा होतो. अण्णांच्या मते ही मांडणी न्याय्य होती. पण मला हळूहळू जे उमगले ते असे की गुण कापले जाणे हा या परीक्षेतला किरकोळ दंड आहे. न सुटणाऱ्या प्रश्नापाशी घालवलेली मिनिटे हा खरा दंड, आणि तो निकालपत्रावर कुठेही छापून येत नाही.

दुसऱ्या वर्षीची तयारी मी फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू केली. तेव्हा मी सदाशिव पेठेत स्पर्धा परीक्षा देणाऱ्या एका मैत्रिणीबरोबर खोली घेऊन राहत होते. कंपनीची बस सकाळी सव्वासहाला शिवाजीनगरहून निघत असे आणि चाकणच्या तळेगाव चौकात अडकली नाही तर साडेसातच्या सुमारास पोचत असे. अडकली तर कधी पोचेल हे चालकालाही सांगता येत नसे. जाताना वाचन आणि येताना झोप, असा माझा नियम होता. संध्याकाळी साडेसात ते दहा अभ्यासिकेत.

पेठेतल्या अभ्यासिका ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना ते दृश्य सांगायला नको: प्लायवूडच्या फळ्यांनी पाडलेले खण, प्रत्येक खणात एक दिवा, भिंतीला राज्याचे नकाशे, आणि एमपीएससीची जाडजूड पुस्तके उशासारखी रचून त्यांवर मान टेकलेली मुले. तिथे मी एकटीच कॅटवाली होते आणि माझ्याकडे थोडे संशयाने पाहिले जाई, कारण माझ्यासमोर पुस्तकापेक्षा लॅपटॉप जास्त वेळ असे. एका आठवड्यात दाराशी नवी सूचना लागली: 'कळफलकाचा आवाज करू नये.' ती कोणासाठी होती हे सगळ्यांना ठाऊक होते. पुढे मी फक्त माउस वापरायला लागले आणि त्यात अनपेक्षित फायदा झाला, कारण खऱ्या परीक्षेतही कळफलक बंदच असतो; आकडे पडद्यावरच्या छोट्या पाटीवर माउसने टिचकी मारूनच भरावे लागतात.

त्या पाटीवर मराठी माध्यमाच्या मुलीची एक वेगळीच फजिती होते. मी मनात हिशेब मराठीत करते. उत्तर येते 'सत्तावीस', आणि त्यात आधी सात ऐकू येतो, मग वीस. हात घाईत असला की आधी ७ वर जातो आणि मग २ वर. बालभारतीने २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस सात' अशी वाचनपद्धत आणली तेव्हा घराघरांत टिंगल झाली होती आणि आमचे अण्णाही तिच्या विरोधात होते. पण ७२ भरून सत्तावीसचे तीन गुण मी दोन वेळा घालवल्यावर त्या पुस्तकाबद्दलचे माझे मत थोडे मवाळ झाले. तेव्हापासून टीटाचे उत्तर भरल्यावर ते इंग्रजीत एकदा पुटपुटून पाहण्याची सवय मी लावून घेतली.

याच मराठी हिशेबाने दुसरीकडे मात्र मला भरभरून दिले. माझे आजोबा, तात्या, बार्शीच्या आडत बाजारात दिवाणजी होते. त्यांना अपूर्णांकांचे पाढे, म्हणजे पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकीसुद्धा तोंडपाठ होती, आणि लहानपणी दिवाळीच्या सुट्टीत त्यांनी मला सवायकीपर्यंत आणून सोडले होते. क्वांटच्या बावीस प्रश्नांत अंकगणिताचा वाटा मोठा असतो: शेकडेवारी, नफा-तोटा, मिश्रण, काळ-काम-वेग. यात ज्याला टक्के अपूर्णांकांत दिसतात त्याला अर्धी लढाई सोपी जाते. साडेबारा टक्के म्हणजे एक अष्टमांश, साडेसदतीस म्हणजे तीन अष्टमांश, सव्वाचौदा म्हटले की साधारण एक सप्तमांशाच्या जवळ. हे तक्ते क्लासवाले पाठ करायला देतात; मला ते तात्यांच्या पाढ्यांमुळे आधीच ओळखीचे होते.

गणपतीत घरी गेले होते तेव्हा मी तात्यांना गंमत म्हणून एक प्रश्न घातला: साखर पंचवीस टक्क्यांनी महागली आणि महिन्याचा खर्च तेवढाच ठेवायचा आहे, तर साखर किती टक्के कमी आणायची? माझ्या क्लासच्या वहीत यासाठी एक सूत्र होते, ज्यात शंभराने गुणायचे आणि शंभर अधिक काहीतरीने भागायचे. तात्या पानाला चुना लावत होते. ते म्हणाले, "पंचवीस टक्के म्हणजे सव्वापट. चार पाव होते ते पाच पाव झाले. पाचांतला एक सोड." वीस टक्के. त्यांनी मान वर करून पाहिलेसुद्धा नाही. मी ते सूत्र त्याच दिवशी खोडले. पुढे जिथे जिथे एक गोष्ट वाढून दुसरी घटत होती, वेग वाढून वेळ घटत होती किंवा माणसे वाढून दिवस घटत होते, तिथे मी पाव मोजले. जाताना ताशी ६० आणि येताना ताशी ४० असा वेग असेल तर सरासरी ५० लिहिण्याचा मोह प्रत्येकाला होतो. अंतर १२० किलोमीटर धरले की जाताना दोन तास, येताना तीन, पाच तासांत २४० किलोमीटर, म्हणजे ४८. कागदालाही हात लावावा लागत नाही. परीक्षेत पडद्यावर कॅल्क्युलेटर असतो, पण तो उघडून माउसने आकडे टिपण्यात जो वेळ जातो तेवढ्यात पाव मोजून होतात.

इंग्रजी आकलनाबद्दल मराठी माध्यमाच्या मुलांना वाटणारी भीती मला पुरती ठाऊक आहे. या भागातल्या २४ प्रश्नांपैकी १६ प्रश्न चार उताऱ्यांवर असतात, आणि उतारे तत्त्वज्ञान, पर्यावरण, अर्थशास्त्र, कलेचा इतिहास असे कुठलेही. पहिल्या वर्षी मी शब्दांच्या याद्या पाठ केल्या होत्या आणि त्यांचा काडीचाही उपयोग झाला नाही. माझी अडचण शब्दांची नव्हतीच. मी प्रत्येक वाक्य मनात मराठीत आणत असे आणि उतारा संपेपर्यंत लेखक नक्की कोणत्या बाजूने बोलत होता हे विसरलेले असे.

यावर मला सापडलेला उपाय कोणत्याही क्लासने सांगितला नसता. बसमध्ये एक लांब इंग्रजी लेख वाचायचा, फोन खिशात ठेवायचा, आणि लेखकाचे म्हणणे छोट्या वहीत मराठीत दोन वाक्यांत लिहायचे: तो कशाच्या विरोधात बोलतो आहे, आणि त्याला काय म्हणायचे आहे. भाषांतर करायचे नाही, फक्त सार लिहायचे, जणू संध्याकाळी आईला सांगायचे आहे. ज्या दिवशी ती दोन वाक्ये लिहिता आली नाहीत त्या दिवशी लेख कळलेला नाही असे समजायचे, मग त्यातला प्रत्येक शब्द ओळखीचा का असेना. पहिले तीन आठवडे मला बहुतेक वेळा एकच वाक्य जमत होते, आणि तेही गुळमुळीत. ऑगस्टपर्यंत हात बसला. त्यानंतर पर्यायांतले सापळे आपोआप दिसू लागले: उताऱ्यात 'बहुधा' असते आणि पर्यायात 'नेहमीच' येऊन बसलेले असते, उताऱ्यात लेखक दुसऱ्याचे मत सांगत असतो आणि पर्याय ते त्याच्या गळ्यात बांधतो, किंवा पर्याय जगाच्या दृष्टीने अगदी खरा असतो, पण उताऱ्यात तो कुठेही नसतो. शेवटच्या प्रकाराला मी सगळ्यांत जास्त फसत असे, कारण खरी गोष्ट चुकीची म्हणून खोडायला हात धजत नाही.

आता सोडण्याकडे येते. एप्रिलपासून दर रविवारी मी एक पूर्ण मॉक, म्हणजे सराव परीक्षा, देत असे आणि तिच्या दुप्पट वेळ ती तपासण्यात घालवत असे. मॉकचे गुण पाहून खूश होणे किंवा रडणे यात सगळ्यांचाच वेळ जातो, माझाही गेला; पण चुकांची वही ठेवायला लागल्यावर तो कमी झाला. त्या वहीत पानाचे चार उभे भाग होते. पहिल्यात मुळात न येणारे प्रश्न, दुसऱ्यात वाचताना चुकलेले, तिसऱ्यात हिशेबात चुकलेले, आणि चौथ्याचे शीर्षक होते 'सोडायला हवा होता'. कंपनीत नाकारलेल्या नगांची नोंद आम्ही याच पद्धतीने कारणांनुसार करत असू, त्यामुळे मला त्यात नवे काही वाटले नाही. नवी होती ती नोंदींची लांबी. पहिल्या दहा मॉकनंतर पहिले तीन भाग मिळून जेवढे भरले नव्हते तेवढा एकटा चौथा भरला होता.

त्यातली एक नोंद अजून आठवते. सेटमध्ये सहा पुरवठादार होते, चार महिन्यांचा माल होता, आणि कोणाचे किती नग नाकारले गेले याचा अर्धवट भरलेला तक्ता होता. हे तर माझे रोजचे काम! मी तो सेट बाकीचे न पाहता उघडला आणि त्यात २२ मिनिटे घातली, कारण आपल्याच कामावरचा तक्ता आपल्याला येत नाही हे मान्य करायला मन तयार नव्हते. घरी येऊन पाहिले तर त्या सेटमध्ये प्रत्येक अट 'निदान' किंवा 'जास्तीत जास्त' अशा शब्दांत होती, एकही आकडा नक्की नव्हता, आणि त्यामुळे तीन वेगवेगळ्या मांडण्या एकाच वेळी सांभाळाव्या लागत होत्या. विषय ओळखीचा असणे आणि सेट सोपा असणे यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो. शेजारी एक अनोळखी, रुक्ष दिसणारा सेट होता, तराफ्यांचा की होड्यांचा कसला तरी, ज्यात पहिल्याच अटीने दोन घरे पक्की होत होती.

तेव्हापासून मी डीआयएलआरची पहिली पाच मिनिटे एकही प्रश्न न सोडवता नुसते सगळे सेट वाचण्यात घालवायला लागले. पेन खाली ठेवून. हे लिहायला सोपे आहे. प्रत्यक्षात समोर घड्याळ उलटे धावत असताना हात बांधून बसणे मला पहिल्या चार-पाच मॉकमध्ये अजिबात जमले नाही. मग मी एक नियम केला की निवडलेल्या सेटमध्ये आठ मिनिटांत एकही घर पक्के झाले नाही तर तो सोडायचा, मग तो कितीही 'सुटत आलेला' वाटो. क्वांटमध्ये हीच मर्यादा दीड मिनिटाची. मनात अण्णांचा आवाज येत असे, आणि मी त्याला मनातच सांगत असे की हा पेपर तपासायला कोणी माणूस बसलेला नाही, सूत्र लिहून येण्यात काही अर्थ नाही.

क्लासबद्दल विचारणाऱ्यांना एवढेच सांगते की पहिल्या वर्षी मी पुण्यातल्या एका क्लासला पूर्ण फी भरली होती आणि दुसऱ्या वर्षी फक्त मॉकची मालिका घेतली. ज्याचे अंकगणित कच्चे आहे त्याला शिकवणाऱ्याची गरज असते यात शंका नाही. पण बावीस सेकंदांत उत्तर काढून दाखवणाऱ्या शिक्षकापेक्षा 'हा प्रश्न मी सोडला असता' असे म्हणणारा शिक्षक मला जास्त उपयोगी पडला असता, आणि तसा मला भेटला नाही.

२४ नोव्हेंबर २०२४ ला माझे दुपारचे सत्र होते. डीआयएलआर उघडले तेव्हा चारऐवजी पाच सेट दिसले. प्रश्न वीसचे बावीस झाले होते आणि संपूर्ण परीक्षा ६६ वरून ६८ वर गेली होती. आजूबाजूला खुर्च्या करकरल्या. आदल्या वर्षीची मी असते तर एक सेट वाढला म्हणून घाबरले असते, पण आता पाचांतून निवडायचे होते आणि निवडायला एक जास्त मिळाला होता. पाच मिनिटे वाचले. दोन सेट पूर्ण सोडवले, तिसऱ्यातले तीन प्रश्न केले, आणि दोन सेटांना हातही लावला नाही. पूर्ण परीक्षेत मी ३९ प्रश्नांना उत्तर दिले.

केंद्राबाहेर आल्यावर अण्णांना फोन केला. त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला, "किती सोडले?" मी म्हणाले, "एकोणतीस." पलीकडे इतका वेळ शांतता होती की फोन कट झाला असे मला वाटले. मग ते म्हणाले, "बरं. तुझं तुला ठाऊक." निकालात ९६ च्या वर पर्सेंटाइल आले, डीआयएलआरमध्ये ९७. वरच्या आयआयएमची बोलावणी येण्याइतके ते नव्हते, शिवाय तिथे दहावी-बारावीच्या गुणांपासून सगळे मोजले जाते. पण दुसऱ्या काही संस्थांच्या मुलाखती मिळाल्या, आणि मुख्य म्हणजे मला पद्धत सापडली आहे याची खात्री पटली.

त्यानंतर चार महिन्यांनी राज्याची एमबीए सीईटी होती, आणि मुंबई-पुण्यात शिकू इच्छिणाऱ्या महाराष्ट्रातल्या मुलांनी तिच्याकडे दुय्यम म्हणून पाहू नये असे माझे स्पष्ट मत आहे. जमनालाल बजाज, सिडनहॅमची व्यवस्थापन संस्था, पुणे विद्यापीठाचा पुम्बा विभाग, अशा संस्थांची फी खासगी संस्थांच्या मानाने आवाक्यात असते आणि राज्यातल्या उमेदवारांसाठी जागांचा मोठा वाटा असतो. परीक्षेची जात मात्र कॅटच्या अगदी उलट: २०० प्रश्न, १५० मिनिटे, म्हणजे एका प्रश्नाला ४५ सेकंद, त्यांतले ७५ प्रश्न तर्काचे, २५ आकृत्यांचे, ५० गणिताचे आणि ५० इंग्रजीचे, आणि चुकीच्या उत्तराला काहीही कापले जात नाही.

मला वाटले होते, कॅटनंतर ही सोपी जाईल. पहिल्या मॉकमध्ये मी ४३ प्रश्न कोरे ठेवून आले. वर्षभर हाताला जी सवय लावली होती ती आता ऐन वेळी आडवी आली. अवघड प्रश्न दिसला की बोट आपोआप पुढे सरके आणि मागे वळून यायला वेळ उरत नसे. न सुटलेल्या प्रश्नावर काहीतरी खूण करूनच पुढे जायचे, एवढी साधी गोष्ट मला पुन्हा शिकावी लागली. आकृत्यांचे प्रश्न मी मैत्रिणीसमोर बसून सोडवत असे. तिचे एमपीएससीचे गणित आणि तर्क माझ्याहून जलद होते, आणि ती एकही प्रश्न रिकामा ठेवत नाही म्हणून मला चिडवायची संधी तिने सोडली नाही.

परीक्षा एप्रिल २०२५ च्या पहिल्या आठवड्यात झाली. शेवटची दोन मिनिटे उरली तेव्हा तेरा प्रश्न बाकी होते. मी ते वाचले नाहीत. सरळ खाली उतरत गेले आणि प्रत्येकाला दुसरा पर्याय लावत सुटले; शेवटच्या प्रश्नावर टिचकी मारली आणि पडदा बंद झाला.

बाहेर ऊन चांगलेच तापले होते आणि फाटकापाशी उसाच्या रसाची गाडी उभी होती. मी रस घेतला आणि बार्शीला फोन लावला.

"किती सोडले?"

"एकही नाही, अण्णा."

"बरं," ते म्हणाले. "जेवून घे आता." आणि त्यांनी फोन आईकडे दिला.